तळे नगरपालिकेचे

धर्म आणि राज्यकारभार वेगळे असावेत, हा विचार युरोपात चर्च आणि राजसत्ता यांच्या झगड्यातून पुढे आला. तिथे धर्मसंस्थेला स्वतःची उतरंड, जमिनी आणि तिजोरी होती. कशापासून काय वेगळे करायचे ते समोर दिसत होते. भारतात धर्माचा अंमल पाणवठ्यावर, शाळेत, धर्मशाळेच्या ओट्यावर चालत असे, आणि तो चालवायला कोणा धर्मगुरूच्या फर्मानाची गरज नसे. वहिवाट पुरेशी होती. म्हणून हा प्रश्न इथे एका तळ्याच्या काठी उभा राहिला : तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, सावित्री नदीवरच्या महाड गावी.

इंग्रज सरकारचे धोरण अलिप्ततेचे होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा मुंबई सरकारने हस्तक्षेप करण्याचे टाळले. १८५८च्या राणीच्या जाहीरनाम्याने तर प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचनच दिले. या अलिप्ततेला तटस्थता म्हणणे कठीण आहे. शाळा सरकारी पैशाने चालायची आणि तिचे दार कोणासाठी उघडायचे हे मात्र रूढी ठरवायची. सरकार बाजूला राहिले की निर्णय आपोआप रूढीच्या बाजूने लागत असे.

हे दुखणे नेमके ओळखणारा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडला आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी तो संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. धर्मग्रंथ काय सांगतात या वादात ठराव शिरलाच नाही. पैसा कोणाचा, एवढीच त्याची कसोटी होती, आणि हेच त्याचे मोठेपण.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावरच. त्या तळ्यावर अन्य धर्मीयांना मज्जाव नव्हता. अस्पृश्यांना मात्र होता. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आलेल्या प्रतिनिधींसाठी पाणीसुद्धा विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी सगळे मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. काही वेळातच हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. देवळात जाण्याचा कार्यक्रम परिषदेने आखलाच नव्हता. तळे पालिकेचे, देऊळ देवस्थानचे, हा फरक सत्याग्रहींना ठाऊक होता. हल्लेखोरांच्या लेखी दोन्ही एकाच विटाळाच्या हद्दीत येत होती. पुढे पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. पालिकेच्या मालमत्तेवर धर्मविधीने पुन्हा हक्क सांगण्याचाच तो प्रकार होता. ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला. लोकनियुक्त संस्था रूढीपुढे वाकली.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. डॉ. आंबेडकर मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरून महाडला पोहोचले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब ठेवण्यात आला. हुकूम मोडण्यापेक्षा न्यायालयात लढायचे ठरले. कित्येकांचा हिरमोड झाला असणार. तरीही तो निर्णय दूरदृष्टीचा ठरला, कारण त्यामुळे धर्माज्ञेच्या दाव्याला पुराव्याच्या कायद्यापुढे उभे राहावे लागले.

तिथे तो टिकला नाही. वादींना तळ्यावरचा आपला खास हक्क आणि अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध करायची होती. १९३१ मध्ये खालच्या न्यायालयात ते हरले, १९३३ मध्ये ठाण्याच्या अपिलात हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले. ज्या खंडपीठाने निकाल दिला त्यातले न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. अशी वहिवाट अनादि काळापासून चालत आल्याचे शाबीत झालेले नाही, असे न्यायालयाने ठरवले. घोट दोन घोट पाण्याच्या हक्कासाठी तळ्यावरच्या मोर्चापासून पुरी दहा वर्षे गेली. निकालाला एक मर्यादाही होती : वहिवाट सिद्ध झाली असती तर काय, हा प्रश्न त्याने उघडाच ठेवला.

त्याचे उत्तर संविधानाने दिले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. मग वहिवाट जुनी की नवी याला अर्थ उरला नाही. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे घेऊन सांगितले आहे की धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला तिथे अडवता येणार नाही. बोले यांच्या ठरावाचा सूर इथे स्पष्ट ऐकू येतो, पण पल्ला वाढलेला आहे : राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेल्या जागांबरोबरच सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेल्या जागाही त्यात येतात. देवळांचा विषय संविधानाने वेगळा, पंचविसाव्या अनुच्छेदात ठेवला. तिथे धर्मस्वातंत्र्य मान्य करतानाच सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करणारे कायदे करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे.