गोड ज्वारीचा दिवा आणि येरळेचे पाणी

सातारा जिल्ह्याने महाराष्ट्राला किती वीज दिली याचा हिशेब मांडायला बसले, की पहिले नाव कोयनेचे निघते. सर्व टप्पे मिळून १,९६० मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प राज्याच्या औद्योगिक प्रगतीचा कणा मानला जातो. पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या फिरू लागल्या. डोंगरात पाणी, पठारावर वारा आणि कृष्णाकाठी ऊस असलेल्या या मुलखाला निसर्गाने ऊर्जेच्या बाबतीत काही कमी केलेले नाही. तरीही याच मुलखातल्या हजारो घरांत कित्येक दशके संध्याकाळ झाली की रॉकेलची चिमणी पेटत होती आणि चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे धुराने लाल होत होते. ऊर्जा किती निर्माण झाली, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. ती कोणासाठी निर्माण झाली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत काही अभियंत्यांनी आणि कार्यकर्त्यांनी हा दुसरा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या कामातून काय शिकावे, याचा विचार मला आज महत्त्वाचा वाटतो.

१९८१ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातून एक तरुण अभियंता फलटणला येऊन राहिला. डॉ. अनिल राजवंशी हे कानपूरच्या आयआयटीचे विद्यार्थी. फ्लोरिडात त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि तेथे अध्यापनही केले. त्या काळी हुशार इंजिनिअरची वाट मुंबईहून परदेशाकडे जात असे. हे गृहस्थ उलट्या वाटेने आले. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांनुसार ‘नारी’, स्थापन केली होती. पिके आणि जनावरे यांच्यावर संशोधन करणाऱ्या या संस्थेत राजवंशींनी ऊर्जेचे काम सुरू केले.

त्यांच्या कामाचा पाया होता गोड ज्वारी. शेतकऱ्याला ही कल्पना समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. वर कणीस, त्याचे धान्य माणसाच्या पोटात. ताटात उसासारखा रस, तो आंबवून अल्कोहोल. उरलेला चोथा जनावराला किंवा भट्टीला. ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा राहतो आणि पाणी पीत राहतो. ज्वारी साधारण चार महिन्यांत हाती येते आणि तिची तहानही बेताची. ‘नारी’ने ‘मधुरा’ नावाचे वाण तयार केले, रसापासून अल्कोहोल काढले आणि ते शुद्ध करण्यासाठी सौरऊर्जेवर चालणारा ऊर्ध्वपातनाचा छोटा प्रकल्पही उभा केला. शेतातच अन्न, शेतातच इंधन आणि ते गाळायला वरचे ऊन, असा हा सरळ हिशेब होता.

मग त्या इंधनावर चालणारी साधने आली. ‘नूरी’ हा कंदील त्यांपैकी एक. स्टोव्हची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. या स्टोव्हमध्ये निम्मे अल्कोहोल आणि जवळपास निम्मे पाणी असे मिश्रण जळते. पाणी मिसळलेले इंधन कशासाठी, असे कोणीही विचारील. एक तर असे इंधन भडकण्याचा धोका कमी. झोपडीत, लहान मुलांच्या वावरात ही गोष्ट मोठी आहे. दुसरे म्हणजे अल्कोहोलमधले शेवटचे पाणी काढायलाच फार उष्णता आणि खर्च लागतो. तो टाळला, तर खेड्यातल्या लहानशा भट्टीतूनही स्वयंपाकाचे इंधन निघू शकते. गरिबाच्या घरासाठी यंत्र करायचे म्हणजे शहरातले यंत्र स्वस्त करायचे, असे नव्हे. त्याचा विचार मुळापासून वेगळा करावा लागतो, हे या स्टोव्हने दाखवून दिले.

पण यंत्र पेटले म्हणून ते घराघरांत पोचत नाही. अल्कोहोल म्हटले की आपल्याकडे दारूबंदीचा कायदा आणि उत्पादन शुल्क खाते उभे राहते. ते बनवायला परवाना, साठवायला परवाना, एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायला परवाना. निम्मे पाणी असलेले अल्कोहोल चुलीसाठी म्हणून मिळू लागले, तर ते चुलीऐवजी घशाखाली जाईल, ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मात्र तेवढ्या भीतीपोटी स्वयंपाकघराचे एक इंधन दाराबाहेर ठेवायचे का, याचा निर्णय कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही. तो मंत्रालयात होतो. कायद्याची ही अडचण राजवंशींनी वर्षानुवर्षे मांडली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्टोव्हला मात्र मोकळी वाट मिळाली नाही.

याच अल्कोहोलला दुसरीकडे केवढा मान मिळाला, तेही पाहा. २००३ पासून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. सातारा-सांगलीतल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून निघालेले इथेनॉल आज मोटारीत जळते. परदेशी चलन वाचते, कारखान्याला पैसा मिळतो; त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु मोटारीसाठी जे परवाने सुटसुटीत होऊ शकतात, ते चुलीसाठी का होत नाहीत? २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी पुष्कळ घरांत पोचवली, हे खरेच. पण दुसरे सिलिंडर आणायचे तर रोख पैसे लागतात आणि हातात पैसे नसले की कोपऱ्यातली चूल पुन्हा पेटते.

उसाच्या पाचटाचीही अशीच कथा. तोडणी झाली की फडातले पाचट पेटवून द्यायचे, ही जुनी रीत. ‘नारी’ने नव्वदच्या दशकात पाचट आणि बगॅसपासून ज्वलनशील वायू करून तो भट्टीसाठी वापरण्याचे संयंत्र बनवले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने पाचटाचा कांडीकोळसा करण्याची पद्धत बसवली. तिला २००२ साली ॲश्डेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे आपण ज्याला काडी लावतो, ते इंधन आहे हे सिद्ध झालेले आहे. ते गोळा कोण करणार, विकत कोण घेणार आणि पैसे कोणाला मिळणार, हे मात्र ठरायचे आहे.

हे ‘कोण’ आणि ‘कोणाला’ आधी ठरवले तर काय होते, ते पाहायला येरळा नदीच्या काठाने खाली सांगलीत उतरावे लागते. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातून येणारी ही नदी ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वाटेतला खानापूर तालुका दुष्काळी. इथली माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली होती. १९८२ च्या संपानंतर त्यांतली बरीच गावी परतली आणि गावात पाणी नव्हते. पावसाचे पाणी धरून ठेवणारी येरळेतली वाळू मात्र ठेकेदारांचे ट्रक भरभरून बाहेर जात होती. डॉ. भारत पाटणकर, संपतराव पवार आदी कार्यकर्त्यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीने प्रश्न केला, की वाळू आमच्या नदीची, तर तिचा पैसा आमच्या पाण्यासाठी का नको?

त्यातून बलवडी आणि तांदुळवाडी या गावांचे बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. मर्यादित वाळू विकून, लोकांनी दिलेल्या पैशांतून आणि श्रमदानातून. कृ. रा. दाते यांच्यासारखे अनुभवी अभियंते चळवळीच्या बाजूने उभे राहिले. धरण म्हणून पाहिले तर ते लहानच. त्यामागचा करार मोठा होता. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरावर नव्हे, तर कुटुंबावर. भूमिहीनालाही तेवढाच आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही. आधी वाटप ठरले, मग भिंत चढली. सरकारी कामात बहुधा याच्या नेमके उलटे घडते.

फलटणच्या स्टोव्हजवळ उत्तम तंत्र होते. त्याला कायद्याची आणि बाजाराची साथ नव्हती. बलवडीच्या धरणातले तंत्र साधेच. पण त्याच्यामागे गावाचा निर्णय होता. माझ्या मते ग्रामीण तंत्रज्ञानाची ही दोन अर्धी अंगे आहेत आणि एकावाचून दुसरे लंगडे पडते.

आपली अभियांत्रिकी महाविद्यालये यातले कोणते अर्धे शिकवतात? सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आहे. नंतर तर तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये झाली. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून काम करते आणि २०१६ साली राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान काढून महाविद्यालयांना आपापल्या जिल्ह्याच्या प्रश्नांशी जोडण्याचे ठरवले. विद्यार्थ्याने शेजारच्या गावची नळपाणी योजना का बंद पडली, हे शोधून काढावे. पंपाची अश्वशक्ती मोजावी, तसेच वीजबिल कोणी थकवले आणि टाकीखालच्या वस्तीला पाणी का पोचत नाही, हेही लिहावे. असा प्रकल्प गुणपत्रिकेत संगणकाच्या प्रकल्पाइतकाच मोलाचा ठरला पाहिजे.

कारण पाचट यंदाही जळेल, सिलिंडर संपल्यावर चूल यंदाही पेटेल. त्यावरची यंत्रे आपल्याच मातीत तयार झालेली आहेत. ती कोणासाठी चालवायची, एवढे ठरवण्याचे काम उरले आहे आणि ते एकट्या अभियंत्याचे नाही.