सुरतेत बर्फ पडत नाही, तरीही

सुरत शहरी ऐन पौषातही पाणी गोठत नाही. मग मोटारीत 'अँटिफ्रीझ' नावाचा महागडा द्रव ओतण्याचे प्रयोजन काय, असे आम्ही पुष्कळ वर्षे म्हणत आलो. उत्तर मिळाले ते दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात, कोंडाईबारीच्या घाटात. धुळ्याहून तूरडाळ भरून येणारी आमची मालमोटार तेथे वाफा सोडीत उभी राहिली. इंजिनाचे हेड वाकले होते. चालकाचा दोष नव्हता. रेडिएटरमध्ये गोदामाच्या बोअरिंगचे पाणी घालावे, ही आज्ञा आमचीच होती.

अशा पाण्यातील क्षार चहाच्या किटलीप्रमाणे रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही थर धरतात आणि लोखंड व अ‍ॅल्युमिनियम गंजवितात. अँटिफ्रीझ म्हणजे मुख्यत्वे इथिलीन ग्लायकॉल व त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये. निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी यांचे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ते काश्मीरकरांच्या कामाचे. आपणांस महत्त्व याचे, की तेच मिश्रण सुमारे १०७ अंशांवर उकळते आणि रेडिएटरच्या झाकणाखालील दाबाने ही मर्यादा आणखी वाढते. तथापि निव्वळ ग्लायकॉल ओतणे हाही अपव्ययच. उष्णता वाहून नेण्यात पाणीच श्रेष्ठ. डब्यावर 'कॉन्सन्ट्रेट' असेल तर डिस्टिल्ड पाणी मिसळावे, 'रेडी टू यूज' असेल तर काहीही मिसळू नये.

निवड करताना बहुतेकजण रंग पाहतात. हिरवा, तांबडा, निळा हे रंग कारखानदार आपापल्या मर्जीने घालतात. तुरीच्या डाळीचा पिवळेपणा पाहून सौदा करणारा दलाल आम्ही पेढीवर उभा करणार नाही, आणि येथे मात्र तेच करीत होतो! गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार व डब्यावरील आय. एस. ५७५९ हे मानक पाहावे. जुन्या पद्धतीचा सिलिकेटयुक्त कूलंट साधारणतः दोन वर्षे टिकतो, सेंद्रिय आम्लांचा पाच वर्षांपर्यंत. हे दोन प्रकार एकत्र करू नयेत. कित्येकदा नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात, निदान गंजरोधक गुण तरी लवकर संपतो. पातळी तपासावयाची ती इंजिन थंड झाल्यावरच. तप्त झाकण उघडून हात भाजून घेतलेले हमाल आमच्या पाहण्यात आहेत.

आणखी एक गोष्ट आम्हांस त्या दुरुस्तीच्या बिलापेक्षा अधिक अस्वस्थ करते. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असून जहाल विष आहे. जमिनीवर सांडलेले थोडेसे चाटूनही कुत्रे-मांजर मूत्रपिंडे निकामी होऊन मरते. लहान मुलासही तोच धोका. गोदामाच्या दारी पाखरांना दाणे टाकावयाचे आणि मागील मोरीत हे सोडावयाचे, हे आपल्या हातून नकळत घडत असेल. आमच्याकडे आता डबे धान्यापासून दूर, कुलुपात असतात, आणि काढलेला जुना द्रव झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर 'विष' असे मराठीत व गुजरातीत लिहून गॅरेजकडे परत जातो.