दुकानाची बरकत नोकराच्या हक्कात

लातूरची गंजगोलाई नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखली. १९१७ साली बांधलेल्या या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तेथे काय किंवा नांदेडच्या वजिराबादेत काय, कापडाची दुकाने एकमेकांना लागून आहेत. माल तोच सुरत-भिवंडीचा, भावातही फारसा फरक नाही. मग गिऱ्हाईक एकाच दुकानाची पायरी पुन्हा पुन्हा का चढते? पन्नास साड्या उलगडूनही कपाळाला आठी न घालणारा आणि माप पूर्ण देणारा नोकर तेथे असतो म्हणून. हेच दुकानाचे खरे भांडवल आहे.

परंतु नोकर ठेवताना आपले बहुतेक व्यापारी बांधव फक्त नाते आणि शिफारस पाहतात. कुरआनच्या सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याचा सल्ला एक मुलगी आपल्या वडिलांना देते. त्यात उत्तम नोकराचे दोन गुण येतात : तो बलवान असावा आणि विश्वासपात्र असावा. दुकानात बळ म्हणजे कामाची जाण. कापडाचा पोत, माप, हिशेब. केवळ प्रामाणिक पण हिशेबात कच्चा नोकर नकळत तोटा करतो. हुशार पण बेइमान नोकर जाणूनबुजून करतो. म्हणून आधी महिना-दोन महिने पगार देऊन काम पाहावे, मग कायम करावे. भाचा-पुतण्या असला तरी पगार पहिल्याच दिवशी ठरवावा. ‘घरचाच आहे’ म्हणून न ठरवलेला पगार पुढे दोन घरांत भांडण लावतो.

दुसरी बाब उचलीची. लग्न, आजारपण यांसाठी नोकर उचल घेतो आणि व्यवहार तोंडी राहतो. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा आदेश आहे. उचल हेही देणेच आहे. रक्कम आणि दरमहाची कपात दोन वह्यांत लिहावी. एक वही नोकराजवळ असावी. उचलीने माणूस बांधून ठेवता येतो, त्याचे मन नाही.

तिसरी बाब पगाराची. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही प्रेषित (स.) यांची शिकवण आपण सारे सांगतो. मंदीच्या दिवसांत मात्र सुरतच्या पेढीचे पैसे वेळेवर जातात आणि नोकराला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे उत्तर मिळते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत थांबवले, तर त्याचा मोबदला वेगळा द्यावा. मुस्लिम नोकरांना ईदची आणि हिंदू नोकरांना दिवाळीची सुटी दिल्यास दोघे एकमेकांचे काम आनंदाने सांभाळतात. १९४८ चा दुकाने कायदा जाऊन २०१७ चा आला. त्याच्या काही अटी लहान दुकानांना लागू नसतील. पण नोकराचा हक्क माणसे मोजून ठरत नाही.

‘शिकवलेला पोरगा उद्या समोरच दुकान टाकतो,’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. टाकू द्या. रोजी देणारा अल्लाह आहे. आजचे कितीतरी मालक काल दुसऱ्याच्या दुकानात थानांच्या घड्या घालत होते. हक्काचा पैसा घेऊन समाधानाने गेलेला माणूस अडीअडचणीला मालाची देवघेव करतो. पगार बुडवून घालवलेला माणूस आपले गिऱ्हाईक सोबत नेतो आणि बाजारात आपले नावही घालवतो. न शिकवलेला नोकर मात्र वर्षानुवर्षे आपल्याच दुकानात राहून गिऱ्हाईक परत पाठवतो. यातला मोठा तोटा कोणता, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या वहीत मांडून पाहावा.