ब्रिस्टल : बंदराने घडवलेल्या माणसांचे शहर

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, लंडनपासून सुमारे १९० किलोमीटर पश्चिमेकडे एव्हन नदीच्या काठी ब्रिस्टल वसले आहे. लोकवस्ती सुमारे पावणेपाच लाख. समुद्र येथून काही मैल दूर असला, तरी भरतीचे पाणी नदीतून थेट शहरात शिरते. त्यामुळे मध्ययुगापासून हे देशातील प्रमुख बंदरांपैकी एक ठरले. १३७३ मध्ये राजा तिसरा एडवर्ड याने ब्रिस्टलला स्वतंत्र काउंटीचा दर्जा दिला. बंदरातून माल गेला आणि आला, तशी माणसेही गेली आणि आली. या शहराशी जोडलेली नावे पाहिली तर त्यांत दर्यावर्दी, कवी, गुलामांचे व्यापारी, त्या व्यापाराचे विरोधक, अभियंते, समाजसुधारक, क्रिकेटपटू आणि शास्त्रज्ञ असे सगळेच भेटतात. त्यांपैकी अनेकांचा जन्म इथला नाही, तर इथे जन्मलेल्या अनेकांनी नाव कमावले ते परदेशी जाऊन. भारताच्या प्रबोधनकाळातील एका थोर पुरुषाची समाधीही याच शहरात आहे.

दर्यावर्दी आणि व्यापारी

ब्रिस्टलचे नाव जगाच्या नकाशाशी जोडणारा जॉन कॅबट हा मूळचा इटालियन होता. राजा सातवा हेन्री याची सनद आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांचा पाठिंबा घेऊन १४९७ मध्ये त्याने ‘मॅथ्यू’ हे छोटे जहाज पश्चिमेला हाकारले. जूनमध्ये तो उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला, बहुधा न्यूफाउंडलंडला पोहोचला. ब्रँडन टेकडीवरचा कॅबट मनोरा या सफरीच्या चारशेव्या वर्षाची आठवण म्हणून उभारला गेला. ‘मॅथ्यू’ची प्रतिकृती आजही बंदरात दिसते.

कॅबटच्या आधीच्या पिढीत विल्यम कॅनिंग्ज हा येथील सर्वांत श्रीमंत जहाजमालक होता. पाच वेळा महापौर झालेल्या या व्यापाऱ्याने सेंट मेरी रेडक्लिफ चर्चच्या उभारणीला सढळ हाताने पैसा दिला. पत्नीच्या निधनानंतर त्याने व्यापार सोडून धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. या चर्चमध्ये त्याच्या दोन पाषाणमूर्ती आहेत. एका मूर्तीत तो श्रीमंती पोशाखात पत्नीशेजारी पहुडला आहे, तर दुसरीत धर्मोपदेशकाच्या वस्त्रांत एकटा आहे.

रेडक्लिफच्या चर्चमधले कवी

याच चर्चच्या उत्तरेकडील देवडीच्या वर जुने दस्तऐवज ठेवण्याची खोली होती. जवळच १७५२ मध्ये जन्मलेल्या थॉमस चॅटर्टन या मुलाला तिथली जुनी चर्मपत्रे खेळायला मिळाली. त्यांवरून त्याने जुन्या वळणाची भाषा आणि अक्षर आत्मसात केले आणि पंधराव्या शतकातील एका काल्पनिक धर्मोपदेशकाच्या नावावर कविता रचल्या. त्या खरोखरच जुन्या असल्याचे अनेकांना वाटले. लंडनमध्ये नशीब काढायला गेलेला हा मुलगा १७७० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, विषाने मरण पावला. पुढच्या पिढीच्या इंग्रज कवींनी त्याला आपला पूर्वसुरी मानले. कीट्सने आपले ‘एंडिमियन’ हे काव्य त्याच्याच स्मृतीला अर्पण केले.

पुढे राजकवी झालेला रॉबर्ट सदी हाही ब्रिस्टलचाच. सदी आणि त्याचा मित्र कोलरिज यांनी फ्रिकर घराण्यातील दोन बहिणींशी १७९५ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने, याच चर्चमध्ये विवाह केला. वर्ड्‌सवर्थ आणि कोलरिज यांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा युगप्रवर्तक संग्रह १७९८ मध्ये जोसेफ कॉटल या ब्रिस्टलच्याच प्रकाशकाने छापला. त्याच सुमारास तरुण हम्फ्री डेव्ही येथील एका वैद्यकीय संस्थेत वायूंवर प्रयोग करत होता. नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून त्याने त्याचे परिणाम नोंदवले आणि शस्त्रक्रियेतील वेदना थांबवण्यासाठी तो वापरता येईल, असे १८०० मध्ये लिहून ठेवले. वैद्यकाने ही सूचना मनावर घ्यायला चार दशके लावली.

गुलामांचा व्यापार आणि एक पुतळा

ब्रिस्टलच्या वैभवाचा मोठा भाग अत्यंत क्रूर व्यापारातून आला. १६९८ ते १८०७ या काळात येथून निघालेल्या जहाजांनी सुमारे ५ लाख आफ्रिकी माणसांना अमेरिकेच्या आणि वेस्ट इंडीजच्या मळ्यांकडे नेले. १६३६ मध्ये येथे जन्मलेला एडवर्ड कोलस्टन हा रॉयल आफ्रिकन कंपनीचा एक प्रमुख पदाधिकारी होता. त्याने मिळवलेल्या संपत्तीतून शाळा आणि गरिबांसाठी निवारे उभे राहिले. त्यामुळे शहराने त्याला दानशूर म्हणून गौरवले आणि १८९५ मध्ये भरवस्तीत त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला.

या व्यापाराविरुद्धचा लढाही ब्रिस्टलमध्ये लढला गेला. १७८७ मध्ये थॉमस क्लार्कसन पुरावे गोळा करण्यासाठी येथे आला. ‘सेव्हन स्टार्स’ या दारूच्या गुत्त्याच्या मालकाने त्याला खलाशी भरती करणाऱ्यांच्या अड्ड्यांवर नेले. खलाशांना फसवून गुलामवाहू जहाजांवर कसे चढवले जाते, हे त्याने तिथे डोळ्यांनी पाहिले. शहराच्या फिशपाँड्स भागात जन्मलेली लेखिका हॅना मोर हिने आपली लेखणी या चळवळीसाठी झिजवली.

कोलस्टनच्या पुतळ्याबद्दलचा रोष अनेक वर्षे साचत होता. ७ जून २०२० रोजी निदर्शकांनी दोर लावून तो खाली खेचला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. नंतर तो बाहेर काढण्यात आला. आज तो ‘एम शेड’ या संग्रहालयात, अंगावरच्या लाल-निळ्या रंगासह, आडवा ठेवलेला आहे. कोलस्टनचे नाव असलेल्या सभागृहानेही नाव बदलले. बंदरावरच्या एका पादचारी पुलाला मात्र पेरो जोन्स याचे नाव आहे. नेव्हिस बेटावरून मालकाने ब्रिस्टलला आणलेला तो एक गुलाम होता. कोणाच्या नावाने शहर ओळखले जावे, हा प्रश्न येथे रस्त्यावर लढला गेला.

ब्रुनेल आणि प्लिमसॉल

ब्रिस्टलच्या रूपावर सर्वांत ठळक ठसा उमटवला तो इझमबार्ड किंगडम ब्रुनेल या अभियंत्याने. त्याचा जन्म १८०६ मध्ये पोर्ट्‌समथला झाला. लंडनमध्ये नदीखालच्या बोगद्यावर काम करताना झालेल्या अपघातातून सावरण्यासाठी तो क्लिफ्टनला आला आणि एव्हनच्या घळीवर पूल बांधण्याच्या स्पर्धेत उतरला. १८३१ मध्ये त्याचा आराखडा निवडला गेला. परंतु त्याच वर्षी शहरात राजकीय दंगली उसळल्या, गुंतवणूकदार बिचकले आणि काम रखडले. ब्रुनेल १८५९ मध्ये गेला, तेव्हा घळीच्या दोन्ही बाजूंना नुसते मनोरे उभे होते. मग त्याच्या सहव्यावसायिकांनी त्याचे स्मारक म्हणून हा झुलता पूल पुरा करायचे ठरवले. लंडनमधील ब्रुनेलचाच एक पूल पाडला जात होता, त्याच्या साखळ्या येथे वापरल्या. २१४ मीटर लांबीच्या गाळ्याचा क्लिफ्टन पूल डिसेंबर १८६४ मध्ये खुला झाला.

लंडन-ब्रिस्टल रेल्वेमार्गाच्या मुख्य अभियंत्याचे पद ब्रुनेलला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मिळाले. १८४१ मध्ये हा मार्ग पूर्ण झाला. त्याच्या ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजाचे जलावतरण १९ जुलै १८४३ रोजी ब्रिस्टलच्या गोदीत झाले. लोखंडी कवच आणि मळसूत्री पंखा ही जोडी असलेले ते त्या वेळचे जगातील सर्वांत मोठे जहाज होते. १८५७ च्या उठावाच्या वेळी ब्रिटिश फौज घेऊन ते मुंबईलाही आले होते. पुढे दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवर ते गंजत पडले. १९७० मध्ये तराफ्यावर चढवून ते ओढत आणले गेले आणि जलावतरणाच्याच तारखेला, १९ जुलैला, ज्या गोदीत ते बांधले गेले तिथेच परत बसवण्यात आले.

जहाजांवरच्या खलाशांची काळजी वाहणारा सॅम्युएल प्लिमसॉल १८२४ मध्ये ब्रिस्टलमध्ये जन्मला. विम्याच्या पैशांवर नजर ठेवून मोडकळीला आलेली जहाजे काठोकाठ भरायची आणि बुडाली तर खलाशी गेले, असा प्रकार तेव्हा सर्रास चालत असे. खासदार झालेल्या प्लिमसॉलने त्याविरुद्ध संसदेत रान उठवले. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले. वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेषा ही खूण आज जगभरच्या मालवाहू जहाजांवर असते. रेषा पाण्याखाली गेली, की जहाज प्रमाणाबाहेर भरले आहे असे समजायचे.

राममोहन रॉय आणि मेरी कार्पेंटर

भारतीयांच्या दृष्टीने ब्रिस्टलमधील सर्वांत महत्त्वाचे स्थळ म्हणजे अर्नोस व्हेल दफनभूमी. मुघल बादशहाचे वकील म्हणून १८३१ मध्ये इंग्लंडला आलेले राजा राममोहन रॉय सप्टेंबर १८३३ मध्ये ब्रिस्टलला पाहुणे म्हणून आले. एकेश्वरवादी ख्रिस्ती धर्मोपदेशक लँट कार्पेंटर यांच्या वर्तुळाशी त्यांचा स्नेह होता. काही दिवसांतच ते तापाने आजारी पडले आणि २७ सप्टेंबरला मेंदूच्या आवरणाच्या दाहाने त्यांचे निधन झाले. ज्या घरी ते उतरले होते, त्याच्याच आवारात त्यांना पुरले गेले. दहा वर्षांनी त्यांचे मित्र द्वारकानाथ टागोर यांनी अर्नोस व्हेलमध्ये जागा मिळवली, पार्थिव तिथे हलवले आणि विल्यम प्रिन्सेप याच्या आराखड्यानुसार बंगाली धाटणीची दगडी छत्री उभारली. खांबांवर तोललेली ही छत्री इंग्रजी दफनभूमीतील क्रूस आणि देवदूतांच्या गर्दीत लांबूनही ओळखू येते. दरवर्षी सप्टेंबरअखेरीस येथे स्मृतिसोहळा होतो. कॉलेज ग्रीनजवळ राममोहन यांचा पुतळाही आहे.

लँट कार्पेंटर यांची कन्या मेरी हिच्यावर राममोहन यांच्या सहवासाचा खोल परिणाम झाला. तिने गरीब वस्तीतील मुलांसाठी शाळा काढली. १८५४ मध्ये ‘रेड लॉज’ या सोळाव्या शतकातील वाड्यात तिने मुलींसाठी सुधारगृह सुरू केले. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी शिक्षण हवे, हा तिचा आग्रह ब्रिटिश कायद्यातही उतरला. १८६६ मध्ये ती प्रथम भारतात आली. मुंबई, अहमदाबाद, मद्रास आणि कलकत्ता असा प्रवास करून तिने शिक्षिका तयार करणाऱ्या अध्यापन विद्यालयांची मागणी सरकारपुढे लावून धरली. त्यानंतर ती आणखी तीनदा आली. तिची समाधीही अर्नोस व्हेलमध्येच आहे.

म्यूलरची अनाथालये आणि पंडिता रमाबाई

प्रशियात जन्मलेला जॉर्ज म्यूलर १८३२ मध्ये ब्रिस्टलला आला. १८३६ मध्ये त्याने भाड्याच्या घरात अनाथ मुलांना आसरा दिला. पुढे ॲशली डाउन या उंचवट्यावर पाच प्रचंड इमारती उभ्या राहिल्या. तिथे एका वेळी २,००० हून अधिक मुले राहू शकत. म्यूलरने कोणाकडेही देणगी मागितली नाही. फक्त प्रार्थना करायची आणि आलेल्या पैशाचा चोख हिशेब छापायचा, हा त्याचा शिरस्ता होता. त्याच्या हयातीत सुमारे १०,००० मुलांचा सांभाळ झाला.

म्यूलरने लिहिलेले आत्मकथन पंडिता रमाबाईंच्या वाचनात आले. ज्या पुस्तकांनी आपल्याला बळ दिले, त्यांत त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त मुली आणि विधवांचा संसार श्रद्धेच्या जोरावर उभा करताना ब्रिस्टलचे उदाहरण त्यांच्यापुढे होते.

डॉक्टर एलिझाबेथ ब्लॅकवेल

ब्रिस्टलमधील एका साखर कारखानदाराच्या घरी १८२१ मध्ये जन्मलेली एलिझाबेथ ब्लॅकवेल अकराव्या वर्षी कुटुंबासह अमेरिकेला गेली. अनेक महाविद्यालयांनी नकार दिल्यावर न्यूयॉर्क राज्यातील एका महाविद्यालयाने तिला प्रवेश दिला. १८४९ मध्ये ती अमेरिकेतील वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली स्त्री ठरली. १८५९ मध्ये ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतही पहिल्या स्त्रीचे नाव तिचेच नोंदले गेले. तिच्या पदवीनंतर ३७ वर्षांनी आनंदीबाई जोशी अमेरिकेतूनच डॉक्टर झाल्या.

क्रिकेटचे ब्रिस्टल

क्रिकेटचा पितामह मानला जाणारा डब्ल्यू. जी. ग्रेस १८४८ मध्ये ब्रिस्टललगतच्या डाउनएंडमध्ये जन्मला आणि शहरात त्याने डॉक्टरकीही केली. ॲशली डाउनच्या मैदानावर मे १८९५ मध्ये त्याने प्रथम श्रेणीतील शंभरावे शतक ठोकले. त्याआधी हा पल्ला कोणीच गाठला नव्हता. तेव्हा त्याचे वय ४६ होते.

क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर जून १८९९ मध्ये १३ वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सने शालेय सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या. हा मुलगा हजारीबागचा जन्मलेला होता. पहिल्या महायुद्धात १९१४ मध्ये तो मारला गेला. त्याचा विक्रम ११६ वर्षे टिकला. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने नाबाद १,००९ धावा करून तो मोडला.

ग्रेसच्या त्याच मैदानावर २३ मे १९९९ रोजी विश्वचषकातील भारत-केनिया सामना झाला. चारच दिवसांपूर्वी सचिन तेंडुलकरचे वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांचे निधन झाले होते. अंत्यविधी उरकून परतलेल्या सचिनने १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा केल्या आणि शतक होताच बॅट आभाळाकडे उंचावली.

एका शाळेतून नोबेल आणि हॉलिवूड

बिशप रोड प्राथमिक शाळेत विसाव्या शतकाच्या आरंभी दोन मुले शिकली. त्यांतला एक पॉल डिरॅक, जन्म १९०२. ब्रिस्टल विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि मग गणित शिकून तो केंब्रिजला गेला. १९२८ मध्ये त्याने इलेक्ट्रॉनचे समीकरण मांडले, त्यातून प्रतिकणांचे भाकीत निघाले आणि १९३३ मध्ये नोबेल मिळाले. दुसरा आर्चिबाल्ड लीच, जन्म १९०४. नाटकगृहात पडेल ते काम करत तो कसरतपटूंच्या चमूत शिरला, अमेरिकेला गेला आणि कॅरी ग्रँट या नावाने हॉलिवूडचा नायक झाला. पीटर हिग्ज पुढे कॉथम शाळेत शिकत असताना सन्मानफलकावरील डिरॅकचे नाव वाचून भौतिकशास्त्राकडे ओढला गेला.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला विल्स या तंबाखूसम्राट घराण्याचे नाव आहे. तिथे सेसिल पॉवेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये छायाचित्रणाच्या पट्ट्यांवर पायॉन हा कण टिपला. पॉवेलला १९५० चे नोबेल मिळाले. त्याच्या हाताखाली संशोधन केलेले एम. जी. के. मेनन १९५५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि पुढे तिचे संचालक झाले.

बसचा बहिष्कार आणि आजचे शहर

१९६३ मध्ये ब्रिस्टलची बस कंपनी चालक-वाहक म्हणून कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना घेत नव्हती. पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट आणि त्यांच्या साथीदारांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, कंपनीने ही बंदी उठवली. सप्टेंबरमध्ये रघबीर सिंग हे पहिले बिगरगोरे वाहक कामावर रुजू झाले. वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या ब्रिटिश कायद्याला या लढ्याने बळ दिले.

आज शहराची ओळख चित्रकारांनीही घडवली आहे. ‘वॉलेस अँड ग्रॉमिट’ साकारणारा आर्डमन स्टुडिओ येथेच आहे. ओळख लपवून भिंती रंगवणाऱ्या बँक्सीची सुरुवातीची चित्रेही येथील रस्त्यांवर पाहायला मिळतात.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून गाडीने पावणेदोन तासांत ब्रिस्टल टेम्पल मीड्सला पोहोचता येते. रेडक्लिफ चर्च, ‘एम शेड’, ‘मॅथ्यू’, पेरोचा पूल आणि ‘ग्रेट ब्रिटन’ ही सारी स्थळे बंदराभोवती एका दिवसात पायी होतात. क्लिफ्टन पूल पश्चिमेला आहे, तर अर्नोस व्हेल स्थानकाच्या आग्नेयेला. त्यांच्यासाठी दुसरा दिवस हाताशी ठेवावा.