मूल नखे खाते? रागावू नका, हाताला काम द्या

कुणकेश्वरच्या पुळणीवर दिवसभर वाळूत खेळणारे पोर संध्याकाळी घरी येते, पडवीत अभ्यासाला बसते आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याचे बोट तोंडात जाते. आतून आजी ओरडते, "रे झिला, तोंडातला बोट काढ आधी!" बोट बाहेर येते. आजीची पाठ वळली की पुन्हा आत. असे कितीतरी घरांतून चालते. नखे खाल्ली की घरात दारिद्र्य येते, असे जुनी माणसे सांगतात. दारिद्र्य येवो न येवो, दुखणे मात्र येऊ शकते. म्हणून या सवयीचा थोडा विचार करू.

पहिली गोष्ट ही की, मूल हट्टाने नखे खात नाही. ही सवय बहुधा तीन-चार वर्षांच्या पुढे लागते. कंटाळा आला, भीती वाटली, फार गुंग होऊन काही पाहिले-ऐकले की हात आपोआप तोंडाकडे जातो. मुलाला ते कळतही नाही. जे कळतच नाही, त्याबद्दल मार दिला तर मूल काय शिकणार? ते लपून नखे खायला शिकते. भीती वाढते आणि भीतीबरोबर सवयही वाढते.

आता यातला धोका पाहा. आपल्या शेतकरी घरात नखांखाली काय काय साचते? माती, शेण, गोठ्यातली घाण. जंतांची अंडी याच वाटेने पोटात जातात. सुतासारखे बारीक पांढरे जंत रात्री गुदद्वारापाशी येऊन अंडी घालतात. खाज सुटते, मूल झोपेत खाजवते, अंडी नखांखाली जातात आणि सकाळी बोट तोंडात गेले की पुन्हा पोटात. औषध घेऊनही जंत परत का होतात, याचे उत्तर पुष्कळदा या नखांतच असते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे. त्यांनी दोन आठवड्यांनी दुसरा डोस सांगितला, तर तोही चुकवू नये. पांघरुणे आणि आतले कपडे गरम पाण्यात धुवावेत.

अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी फुकट मिळते. ही मोहीम २०१५ साली सुरू झाली. १ ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी देतात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे तिचे नेमलेले दिवस. तारीख पुढेमागे झाली तर अंगणवाडीच्या ताई सांगतील. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

देवगड तालुक्यात दुसरीही एक काळजी आहे, ती हापूसच्या बागांची. मोहोर आला की फवारण्या सुरू होतात. फवारणी चालू असता मुलाला बागेत नेऊ नका. औषधाचे रिकामे डबे-बाटल्या त्याच्या हाती लागू देऊ नका. फवारून आलेल्या माणसाने साबणाने आंघोळ करून, कपडे बदलूनच मुलाला जवळ घ्यावे. आंबा उतरवायच्या दिवसांत देठाचा चीक हाताला लागतो. तीच बोटे तोंडात गेली तर ओठांना फोड येतात. नखे खाणाऱ्या मुलाच्या हाताला साबण लावण्याची सवय म्हणूनच दुप्पट जपावी.

आता उपाय. त्यातल्या दोन गोष्टी आधीच वर्ज्य करा. बोटांना मिरची लावू नका. तोच हात डोळ्याला लागतो आणि पोर तळमळते. कडूनिंबाचे तेलही लावू नका. लहान मुलाच्या पोटात ते गेले तर विषबाधा होऊ शकते. कडूच हवे असेल तर कारल्याची फोड बोटांवर फिरवा. तीही मुलाला सांगून, त्याची मदत म्हणून. शिक्षा म्हणून नव्हे.

खरा उपाय सोपा, पण चिकाटीचा आहे. आठ दिवस काही न बोलता नुसते पाहा. बोट तोंडात केव्हा जाते? टीव्हीपुढे? पाढे म्हणताना? दिवे गेल्यावर? भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने खूण करा. आठ दिवसांत तुम्हाला वेळ कळेल, आणि वेळ कळली की अर्धे काम झाले.

मग त्या वेळी हाताला काम द्या. कुळीथ निवडायला द्या, लसूण सोलायला द्या, अबोलीची फुले वळेसरासाठी लावून ठेवायला सांगा. अभ्यासाच्या वेळी डाव्या हातात पुळणीवरचा मोठा गुळगुळीत शिंपला धरू द्या. फार लहान मुलाला मात्र तोंडात मावेल अशी वस्तू देऊ नका. बोट तोंडाकडे निघाले की मूठ घट्ट मिटायची आणि एक-दोन मिनिटे तशीच ठेवायची, हेही शिकवा. हा घरगुती तोडगा वाटेल. पण नको असलेल्या सवयीच्या जागी दुसरी हालचाल बसवण्याची ही पद्धत अमेरिकेत नॅथन अॅझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोघांनी १९७३ साली शास्त्रीय रीतीने मांडली, आणि आजही जाणकार ती वापरतात.

चारचौघांत "नखं खाऊ नको" असे ओरडू नका. तुमची दोघांची एक खूण ठरवा. तुम्ही नुसता कानाला हात लावला की त्याने ओळखावे. पाहुण्यांसमोर त्याची लाज जात नाही आणि तुमचाही घसा वाचतो.

आठवड्यातून एकदा नखे कापा. कडा खरखरीत राहिली की दात तिथेच जातात, म्हणून नेलकटरच्या कानशीने ती घासून घ्या. नख दहा दिवसांत सुमारे एक मिलिमीटर वाढते. तेव्हा आज सांगितले आणि उद्या नखे दिसली, असे होणार नाही. महाशिवरात्रीला दीड महिना असताना मुलाशी ठरवा, "जत्रेपर्यंत नखं वाढव, मग नखांना रंग लावू, नाहीतर तुझ्या आवडीचं खाजं घेऊ." मधे एखादा दिवस चुकला तर बोल लावू नका. न खाल्लेल्या दिवसाचे कौतुक करा.

एवढे करूनही बोट तोंडातून निघेना, तर मुलाच्या मनात काय आहे ते पाहा. वडील होडीवर गेले आहेत आणि समुद्र खवळला आहे. वडील मुंबईला चाकरीला आहेत आणि पत्र-फोन नाही. घरात धाकटे भावंड आले आहे. कर्जावरून रात्री मोठ्यांची भांडणे होतात. आपल्याला वाटते, पोराला काय कळते! त्याला सगळे कळते, फक्त सांगता येत नाही. अशा वेळी त्याला जवळ घेऊन निजवा, होडी केव्हा येणार ते खरे सांगा. मोठ्यांची भांडणे त्याच्या कानाआड ठेवा.

बोटाला नखुरडे झाले, पू आला, रक्त येईपर्यंत मूल कातडी सोलू लागले, किंवा झोप उडाली, शाळेला भिऊ लागले, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलांना मोफत तपासतात. ती आली की हेही त्यांच्या कानावर घाला.

आणि हो, घरातले मोठे माणूसच नखे खात असेल, तर सुरुवात त्याच्यापासून करावी. मूल ऐकते त्याहून पाहते अधिक.