पळस फुलला की सायकल काढा

फाल्गुन लागला की शहापूर-मुरबाडचं रान रंग बदलतं. भाताची खाचरं केव्हाच रिकामी झालेली असतात, गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, सागाची पानं पायाखाली कुरकुरतात. अशा सुक्या मुलखात मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा उभा दिसतो. झाडावर हिरवं पान एक नाही, पण फांदी न् फांदी केशरी.

हे रान पानझडीचं आहे. पाऊस चार महिन्यांचा, बाकीचे आठ महिने कोरडे. म्हणून पळस, साग, काटेसावर ही झाडं पानं टाकून देतात आणि पानांवाटे उडून जाणारं पाणी वाचवतात. पळस-सावरीची फुलं मात्र नेमकी याच दिवसांत येतात. पानांचा आडोसा नसल्यामुळे लाल-केशरी फुलं पाखरांना लांबून दिसतात. काटेसावरीच्या पेल्यासारख्या फुलात मध साठतो. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल तो प्यायला येतात आणि कपाळाला पराग माखून पुढच्या झाडावर जातात. पुढे उन्हाळी वारा सुटला की पळसाच्या चपट्या शेंगा त्यावर उडतात, सावरीचा कापूस उधळतो आणि बी पावसाच्या तोंडावर मातीत पोचतं. कोशिंबाला याच सुमारास तांबडी पालवी फुटते. लांबून पाहणाऱ्याला ती फुलंच वाटतात.

मोह सगळ्यांत वेगळा. त्याची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. सायकलवर असाल तर आधी वास येतो, मग वळणानंतर झाड दिसतं आणि झाडाखाली टोपली घेऊन फुलं वेचणारी माणसंही. मोटारीच्या बंद काचेतून यातलं काहीच हाती लागत नाही. ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या वेगात तांबटाची टुकटुक ऐकू येते आणि चढावर दम घ्यायला थांबलं की शेजारच्या सावरीवरची पाखरं मोजता येतात. शहापूर तालुक्याचं रान किती मोलाचं आहे, ते रानपिंगळ्याने दाखवून दिलं. शंभराहून अधिक वर्षं नामशेष समजलं गेलेलं हे छोटं घुबड १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि २०१४ मध्ये इथल्या तानसा अभयारण्यातही दिसलं.

पण सायकल न्यायची कुठल्या रस्त्याने? समृद्धी महामार्ग याच शहापूर तालुक्यातून जातो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावर सायकलीला जागा नाही. मुंबई-नाशिक आणि कल्याण-माळशेज या महामार्गांवर अवजड गाड्यांची वर्दळ असते. सायकलीचा मुलूख या मोठ्या रस्त्यांच्या मधला: आसनगाव स्टेशनातून माहुलीच्या पायथ्याला जाणारा रस्ता, शेणव्याहून किन्हवलीमार्गे सरळगावला निघणारा, डोळखांबच्या बाजूचा. ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याचं डांबर साधारण पावणेचार मीटर रुंद असतं. सायकलस्नेही शहर म्हटलं की रंगवलेली वेगळी मार्गिका डोळ्यांपुढे येते. इथे तशी काही नाही. समोरून एसटी आली की बाजूला होऊन थांबावं लागतं, आणि थांबलं की कुणीतरी विचारतंच, ‘कुठून आलात?’ ओळख तिथून सुरू होते.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाची ओळख अशीच करून घ्यावी. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, तिथे आजीबाईंची शाळा भरली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी गावाला बरोबर घेऊन ती सुरू केली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन पहिल्यांदाच अक्षरं गिरवू लागल्या. आज्या शिकल्या तशा नातीही शिकायला हव्यात. हायस्कूल पाड्यापासून पाच-सात किलोमीटरवर असेल, तर आठवीनंतरचं मुलीचं शिक्षण पुष्कळदा एका सायकलवर अवलंबून असतं. या रस्त्यांचा खरा हक्क तिचा. रविवारचे सायकलस्वार आपण पाहुणे.

पाहुण्याने आणखी एक गोष्ट मनाशी धरावी. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसा धरणाचं. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवतंय. दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली जाते. बायका कोस-कोस हंडे वाहतात.

म्हणून येताना पाणी घरून भरून आणा, आणि उजाडताच निघून दहाच्या आत सावली गाठा. वाळल्या गवतात जळती काडी पडली तर अख्खा डोंगर वणव्यात जातो, हे विसरू नका. पाड्यावर फोटो काढण्याआधी विचारा. चैत्र-वैशाखात वाटेवर करवंदांची टोपली घेऊन कुणी बसलं असेल, तर घासाघीस न करता घ्या.

आणि एक मागणी जिल्हा परिषद व सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. हे रस्ते आज ना उद्या रुंद होतील. तेव्हा प्रत्येक अंदाजपत्रकात दोन्ही बाजूंना पक्की साईडपट्टी धरा, आणि कडेचा मोह किंवा आंबा तोडण्याआधी ग्रामसभेला विचारा.