काकांच्या शेडमधला उजेड

गेल्या दिवाळीत सौंसरला गेले, तेव्हा काकांच्या डाव्या हाताला पट्टी होती. आमचं गाव सौंसर तहसिलीत, म्हणजे 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात. घरामागे काकांचं टिनाचं मोठं शेड आहे. एका बाजूला सुतारकाम आणि शेतीच्या अवजारांची दुरुस्ती, तर आंबिया बहाराची संत्री उतरली की दुसऱ्या बाजूला त्यांची छाटणी आणि क्रेट भरणं.

काय झालं ते चुलतभावाने सांगितलं. संध्याकाळी काका गोल पात्याच्या आरीवर फळी कापत होते. लाईट क्षणभर गेली आणि लगेच आली. आरी फिरायला लागली, पण वरचे दिवे अंधारेच राहिले. काकांचा हात फळीवरच होता. दोन बोटांवर टाके पडले. बोटं वाचली, हे नशीब.

दिवे जुने मेटल हॅलाइडचे, 250 वॉटचे तीन. या दिव्याची गंमत अशी, की एकदा विझला की थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मोटारीला मात्र एवढा धीर नसतो.

भाऊ म्हणाला, "दिवे एलईडीचे लावू, पण उजेड तर पुरेसा होता."

काका म्हणाले, "तुले पुरते गा. मले नाही पुरत. माहे डोये जुने झाले."

भावाला ती कुरकुर वाटली, पण काका बरोबर होते. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर पडतं. साठीच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एकतृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून उजेड पुरतो की नाही, हे घरातल्या तरुणाने ठरवू नये. जो काम करतो, त्याला विचारावं.

मी मोबाईलवरच्या अ‍ॅपने लक्स मोजले. असं अ‍ॅप अचूक नसतं, पण तुलनेला चालतं. आरीपाशी आकडा जेमतेम 60. दिवे वर्षानुवर्षं मंद होत गेले होते, काचांवर धूळ साचली होती आणि तिन्ही दिवे मधल्या एकाच ओळीत होते. कडेला उभा राहणारा माणूस स्वतःच्याच सावलीत काम करत होता.

मग हिशोब मांडला. शेड 30 फूट बाय 40 फूट, म्हणजे सुमारे 111 चौरस मीटर. सगळीकडे 200 लक्स हवेत, तर जमिनीपर्यंत साधारण 22,000 ल्युमेन पोचायला हवेत. निम्मा प्रकाश भिंती, धूळ आणि दिव्याच्या म्हातारपणात जातो असं धरलं, तर दिव्यांतून 45,000 निघायला हवेत. एका वॉटला 120 ल्युमेन देणारे 100 वॉटचे चार हाय-बे एलईडी त्याला पुरतात. आरीसाठी वेगळा छोटा दिवा तीन फुटांवर लावला. तिथे 500 लक्स हवे होते आणि एवढ्यासाठी अख्खं शेड उजळायची गरज नव्हती.

जुने तीन दिवे चोकसकट सुमारे 825 वॉट खायचे, नवे चार 400. रोज 5 तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले, तर 640 युनिटच्या आसपास वाचतात. त्याला आपल्या बिलातल्या दराने गुणा, म्हणजे पैसे किती दिवसांत वसूल होतात ते कळेल.

खरेदीला गेलो, तेव्हा दुकानदार फक्त वॉट सांगत होता. ल्युमेन विचारल्यावर त्याने खोक्यावर शोधाशोध केली. वॉट म्हणजे दिवा किती खातो आणि ल्युमेन म्हणजे तो किती देतो. आपल्याला देणं बघायचंय. आणखी तीन गोष्टी आम्ही तपासल्या.

पहिली, लुकलुक. चोकवाली ट्यूबलाईट सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होते. स्वस्त एलईडीही तसंच करतो. अशा उजेडात फिरणारं पातं कधीकधी थांबल्यासारखं दिसतं आणि माणूस हात घालतो. दुकानातच दिवा लावून मोबाईलचा कॅमेरा धरा. पडद्यावर सरकणारे पट्टे दिसले, तर तो दिवा परत ठेवा.

दुसरी, रंग. संत्र्यावरचा हिरवट डाग आणि नारंगी सालीतला फरक कळायचा, तर रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे सीआरआय, 80 च्या वर हवा. आम्ही 5000 केल्विनचा पांढरा प्रकाश निवडला.

तिसरी, धूळ, उष्णता आणि व्होल्टेज. भुसा आत जाऊ नये म्हणून आयपी65 चे दिवे घेतले. मे महिन्यात टीन भट्टीसारखं तापतं आणि एलईडीचा ड्रायव्हर उष्णतेनेच लवकर मरतो. म्हणून दिवे छताला न चिकटवता दोन फूट खाली, जमिनीपासून 18 फुटांवर टांगले. दोन ओळी, प्रत्येकी दोन दिवे. लाईनवर सर्ज प्रोटेक्टर बसवला.

सगळ्यात स्वस्त काम शेवटी केलं. भिंतींना चुना मारला आणि छतात दोन पारदर्शक पत्रे टाकले. आता दिवसा दिवे लागतच नाहीत.

आणि आरीला विहिरीच्या मोटारीसारखा स्टार्टर लावला. लाईट गेली की तो पडतो आणि बटण दाबल्याशिवाय आरी सुरू होत नाही. पंपाला आपण 'ऑटो' लावतो, तसा आरीला कधीही लावू नका. दिवे कितीही चांगले असले, तरी काकांची बोटं खरी वाचवणार तो हा स्टार्टरच.

निळा एलईडी बनवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2014 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्यातूनच आजचा पांढरा दिवा आला. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2015 मध्ये, उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी बल्ब आपल्या घराघरांत पोचले. पण घरामागची शेडं, गोठे, गोदामं बहुतेक तशीच राहिली. मुंबई-पुण्यात, भोपाळ-इंदूरला राहणाऱ्या आपण मुलांनी गावी गेल्यावर एकदा तिथे संध्याकाळी उभं राहावं आणि मोठ्यांना विचारावं, "नीट दिसतं का?"

दिवे लागले त्या संध्याकाळी काकांनी एक फळी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाले, "अरे बाप्पा, याच्यात तर गाठ हाय!" मग ती बाजूला ठेवून त्यांनी दुसरी घेतली.